ओळखदार

पूर्वी बँकेत खातं उघडायचं म्हणजे ओळखदाराची सही लागे. बँकेला आपली ओळख पटायला हवी! बँकेची ओळख आपल्याला कोण पटवणार, हे मात्र त्या फॉर्मवर कुठंच नसे. नव्या गावात ते काम शेजारी करतात. मी पुण्यात बिऱ्हाड केलं तेव्हा समोरचे नाना म्हणाले, "कोपऱ्यावरच्या बँकेत टाका हो डोळे मिटून. मॅनेजर आपला माणूस आहे."

"तुमचं खातं तिथंच ना?"

"छे, आमचं पोस्टात!"

नाना काही लबाड नव्हेत. पण असा फुकट दिलेला शब्द कितपत बांधतो? पुण्याची रुपी बँक १९१२ सालची. ‘आपली बँक’ म्हणून कित्येकांनी कित्येकांना तिथं नेलं असेल. शंभरी उलटली आणि २०१३मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. २०२२मध्ये परवानाच गेला. नेणाऱ्यांनी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं, कबूल. तरी माझ्या शब्दावर कुणाची पेन्शन अडकली असती, तर जिन्यात त्याच्याकडे वर मान करून मला बघवलं नसतं.

म्हणून हल्ली कुणी बँक विचारली, की मी फक्त ठेवींच्या विम्याचा आकडा सांगतो. एका बँकेत माणशी पाच लाख, तेही २०२०पासून. आधी लाखच होता. मी स्वतः त्या मर्यादेतच राहतो. त्यासाठी मला फारसे कष्ट पडत नाहीत.