मेंढपाळाने पळावे काय?

तुकोबारायांच्या पालखीबरोबर जे चालले असतील त्यांना काटेवाडीचे मेंढ्यांचे रिंगण सांगायला नको. धनगर बांधव आपली मेंढरं पालखीभोवती पळवतात, धूळ उडते, आणि आपण हात जोडून बघत राहतो. आम्ही तिथे मेंढरांपेक्षा धनगराकडेच जास्त पाहतो. त्याची नजर कळपावरून हलत नाही.

हीच धनगराची मूर्ती ख्रिस्ती धर्माच्याही गाभाऱ्यात आहे. योहानाच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात, येशू ख्रिस्ताने स्वतःला उत्तम मेंढपाळ म्हटले आहे आणि शेजारी मोलकरी उभा केला आहे. लांडगा दिसला की मोलकरी पळतो, कारण मेंढरं त्याची नव्हेत. मेंढपाळ जीव देतो. बिशपाच्या हातातली वाकडी काठी ती मेंढपाळाचीच. आपल्याकडचे मराठी प्रोटेस्टंट लोक तर धर्मगुरूला सरळ 'पाळक' म्हणतात.

ऐकायला गोड आहे. पण लांडगा खरोखरच दारात आला म्हणजे?

इ. स. ४२९ मध्ये व्हँडल टोळ्या स्पेनमधून समुद्र ओलांडून उत्तर आफ्रिकेत उतरल्या आणि मुलूख उद्ध्वस्त करीत निघाल्या. तेव्हा होनोरातस नावाच्या बिशपांनी संत ऑगस्टीन यांना विचारले, आम्ही राहावे की निघावे? एका गावी छळ झाला तर दुसऱ्या गावी जा, असे खुद्द येशूनेच शिष्यांना सांगितले होते. संत पौलाला दमास्कसच्या तटावरून टोपलीत बसवून खाली सोडले होते. मग आम्हीच का मरावे? वाचकहो, याला नुसता भित्रेपणा म्हणू नका. जगलो तर पुढे चार लोकांच्या उपयोगी पडू, असे कोणाला वाटत नाही?

ऑगस्टीन हे हिप्पो नगरीचे बिशप. आजच्या अल्जीरियातले अन्नाबा ते हेच ठिकाण. त्यांनी सरसकट 'मरा' असे लिहिले नाही. वैरी एकट्या धर्मगुरूलाच शोधत असेल आणि मागे लोकांना पाहणारे दुसरे कोणी असेल, तर त्याने खुशाल निघावे. सगळे गावच निघाले तर त्यानेही निघावे. पण संकट सर्वांवर सारखे असेल आणि लोक मागे राहणार असतील, तर त्याने हलू नये. कारण अशा वेळीच लोक देवळाकडे धावतात. कोणाला बाप्तिस्मा हवा असतो, कोणाला पापाची कबुली द्यायची असते, कोणाला नुसता धीर हवा असतो. आणि धर्मगुरू पुष्कळ असून काहींनी पुढच्यासाठी वाचावे असे वाटले, पण कोणी वाचावे हे ठरेना, तर? चिठ्ठ्या टाका, म्हणतात! हे आम्हांला फार आवडले. 'मी गुणी, मला वाचवा' असे म्हणायला नको, आणि 'माझ्यावाचून चालायचे नाही' ही ऐटही नको.

या रूपकाची आम्हांला थोडी भीतीही वाटते. माणसे म्हणजे काही मेंढरं नव्हेत. शिवाय लोकर कातरणारा आणि मेंढरू बाजारात नेणारा, तोही मेंढपाळच की. यहेज्केल संदेष्ट्याने मेंढपाळांना यावरूनच झोडपले आहे, की लोकर तुम्ही पांघरता, पुष्ट मेंढरू तुम्ही खाता, आणि दुबळ्याकडे बघत नाही. ऑगस्टीन यांनी यावर लांबलचक प्रवचन केले. त्यात म्हणाले, मला ख्रिस्ती म्हणून एक हिशेब द्यायचा आहे आणि पुढारी म्हणून दुसरा. आमच्या दिंडीचालकांना हे कळेल. वारी स्वतःची, आणि मागे चालणाऱ्यांचीही.

पुढल्या वर्षी, ४३० मध्ये, हिप्पोलाच वेढा पडला. ऑगस्टीन ७५ वर्षांचे होते. ते गेले नाहीत. आसपासचे काही बिशप त्यांच्याच आश्रयाला आले होते. त्यांतल्या पोसिडियस यांनी पुढे त्यांचे चरित्र लिहिले आणि ते पत्रही त्यात जपून ठेवले. ते सांगतात, वेढ्याच्या तिसऱ्या महिन्यात ऑगस्टीन तापाने अंथरुणाला खिळले. पश्चात्तापाची स्तोत्रे लिहवून त्यांनी भिंतीवर लावून घेतली. शेवटचे दहाएक दिवस, वैद्य यायची आणि जेवण आणायची वेळ सोडून कोणी आत येऊ नये असे सांगितले, आणि ती स्तोत्रे वाचीत रडत राहिले. २८ ऑगस्टला ते गेले. मृत्युपत्र केले नव्हते, कारण मागे ठेवण्यासारखे काही नव्हतेच. तटाबाहेर वेढा तसाच होता.