भांडे एक, नावे अनेक



नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांकडून एक प्रश्न वारंवार येतो. घरातला देव्हारा काढला, भिंतीवर तथागतांची आणि परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर लावली, मुलांना त्रिशरण-पंचशील पाठ झाले. घरापुरते झाले. पण सकाळी लोकल पकडून अंधेरीच्या कचेरीत किंवा मुलुंडच्या कारखान्यात गेल्यावर काय? तेथे सत्यनारायण असतो, खंडेनवमीला यंत्राची पूजा असते. शेजारच्या टेबलावरचे मुसलमान भाई रोजे धरतात, गुजराती जैन शेठ कांदा-लसूण खात नाहीत. या सर्वांत बौद्ध माणसाने गप्प बसून चारचौघांसारखे वागावे, की रोज उठून भांडावे?

मज्झिम निकायातील अरणविभंग सुत्तात भगवंतांनी भिक्षूंना भांड्याचे उदाहरण दिले आहे. भांडे एकच, पण कोणत्या जनपदात त्याला पाती म्हणत, कोठे पत्त, कोठे सराव, कोठे पिसील. भिक्षू जेथे जाईल तेथील लोकांचा शब्द त्याने वापरावा. माझाच शब्द खरा आणि बाकीचे खोटे, असा हट्ट धरू नये. घाटकोपरच्या एखाद्या चाळीत जाऊन पाहा. कोकणातली बाई टोप म्हणते, मराठवाड्यातली भगुणं म्हणते, नागपूरकडची गंज म्हणते. भात तिन्हींत सारखाच शिजतो. तरीही नव्या सुनेला तिच्या बोलीवरून हिणवणारी घरे आपल्यातही आहेत, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

पण सावध राहा. प्रत्येक रीत म्हणजे भांड्याचे नाव नव्हे. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी पुष्कळजण परळ-लालबागच्या गिरण्यांत राबले. त्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणाईच्या खात्यात घेत नसत, आणि पगार तर तेथेच अधिक होता. कारण काय सांगत? धोट्यात नवी कांडी घातली की दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडचा धोटा आम्ही तोंडाला कसा लावावा, असे सवर्ण कामगार म्हणत. हीसुद्धा ‘आमची रीत’च होती! १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न रोखठोक मांडला. समजून घ्या, चालवून घ्या, असे ते आपल्या माणसांना म्हणाले नाहीत.

तेव्हा कामाच्या ठिकाणी एखादी वेगळी रीत दिसली की आधी एवढेच पाहावे : या रीतीने कोणा माणसाला खाली बसवले जाते काय? बसवले जात नसेल तर ती समजून घ्यावी, जमेल तेथे सांभाळून घ्यावी. बसवले जात असेल तर ती कितीही गोड शब्दांत सांगितलेली असो, मान्य करू नये.

आता सत्यनारायणाचे घेऊ. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञा आपण घेतल्या आहेत. पूजेला हात जोडायचा प्रश्नच नाही. पण ते आदल्या दिवशी साहेबांना शांतपणे सांगावे, ऐन पूजेत तोंड फिरवून उभे राहू नये. सहकारी पूजेला बसले असतील तर तेवढा वेळ त्यांचा फोन आपण घ्यावा. कारखान्यातही तसेच. यंत्र पुसणे, त्याला तेल देणे हे काम आहे, ते सर्वांबरोबर मन लावून करावे. त्याला हळदकुंकू लावणे हा विधी आहे, तेथे आपण बाजूला व्हावे. फोरमन विचारील, तेव्हा दोन वाक्यांत सांगता आले पाहिजे. आपल्या पुष्कळ तरुणांना एकतर काहीच सांगता येत नाही, नाहीतर व्याख्यानच सुरू होते.

पर्युषणात जैन बंधूसमोर अंड्याची पोळी मुद्दाम उघडू नये, रोजे धरलेल्याला चहाचा आग्रह करू नये. यात आपले काही जात नाही. मात्र तुझ्या डब्यात सुकट आहे म्हणून तू जिन्यात बसून खा, असे कोणी म्हणेल तर जिन्यात जाऊ नये. बाईचा आवाज अशा वेळी बसतो, म्हणून भगिनींनी एकटीने बोलण्यापेक्षा दोघी-तिघी मिळून साहेबांकडे जावे. आणि ‘आडनाव काय?’ या प्रश्नाला घाबरून आडनाव बदलू नका. विचारणाऱ्याला काय हवे आहे ते आपल्याला ठाऊक असते. बौद्ध आहे, असे सरळ सांगावे.

हे झाले बाहेरचे. आपल्या घरातलेही बोलले पाहिजे. बोरिवलीला दोन खोल्यांचा फ्लॅट झाला की धुणीभांड्याला बाई येते, सोसायटीचा सफाई कामगार दारात येतो. त्याला चहा कोणत्या कपात देता? खिडकीत पालथा ठेवलेला, कान तुटलेला तो वेगळा कप मी बौद्धांच्या घरी पाहिला आहे. तसबिरीखालीच! शाक्य राजपुत्र प्रव्रज्येला निघाले तेव्हा त्यांनीच भगवंतांना विनंती केली की आमच्या आधी या उपाली न्हाव्याला दीक्षा द्या, म्हणजे त्याला वंदन करताना आमचा शाक्यपणाचा ताठा गळेल. आपला ताठा शाक्यांएवढा मोठा नसेल, पण आहे. मातंग, वाल्मीकी शेजाऱ्यांशी, बिहारहून आलेल्या हमालाशी आपण कसे बोलतो, ते मुले ऐकत असतात.

एक सुचवतो. पुढच्या रविवारी दुसऱ्या धर्माच्या एखाद्या सहकाऱ्याला कुटुंबासह कान्हेरीला घेऊन जा. त्या लेण्यांना व्यापाऱ्यांनी दाने दिली, सोनार-लोहारांनीही दिली. कल्याण आणि सोपाऱ्याची नावे तेथील शिलालेखांत आहेत. आणि नव्वद क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत, १००९ आणि १०२१ सालचे. तेथे येऊन गेलेल्या पारशांनी आपली नावे बुद्धाच्या लेण्यात आपल्या लिपीत कोरली, आणि ती आजही तेथे आहेत. सहकाऱ्याला ती दाखवा. डबे एकत्र उघडा, पण माकडांपासून जपा. बोरिवली स्टेशनला पूर्वेकडे उतरावे. सोमवारी लेणी बंद असतात.