शनिवार तेल्याचा बैल

आजचं वाचन : जुना करार, अनुवाद, अध्याय ५, वचनं १२ ते १५



बाकीचे दिवस ज्ञानेश्वरी आणि शनिवारी शेजारच्या घरातला एखादा ग्रंथ, हा आपला नेम. या वेळी ‘शेजारचं घर’ हे शब्द अगदी खरे आहेत. आंजर्ल्याहून उत्तरेला निघालं, वेसवीला फेरीबोटीत गाडी चढवून बाणकोटची खाडी ओलांडली की रायगड जिल्हा लागतो. पुढे श्रीवर्धन, मुरूड, रेवदंडा, अलिबाग. या सगळ्या पट्ट्यात बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, कित्येक शतकं राहिले. दिवेकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी आपल्यासारखीच गावावरून आडनावं. त्यांची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या. ग्रंथ, पोथ्या समुद्रात गेल्या. लक्षात राहिलं ते थोडंसंच : मुलांची सुंता, काही मासे खायचे नाहीत, ‘शमा’ नावाची एक प्रार्थना (ती आजच्या अध्यायाच्या पुढच्याच अध्यायात आहे), आणि शनिवारी काम करायचं नाही.

इथे त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद. म्हणून गावानं त्यांना नाव दिलं, ‘शनिवार तेली’. मला हे नाव फार आवडतं. माणसाला त्याच्या कामावरून नाव पडतं हे नेहमीचंच, पण यांना नाव पडलं ते न केलेल्या कामावरून. आसपासच्या लोकांना ज्यू म्हणजे काय, तोरा म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. पण या घरचा घाणा आठवड्यातून एक दिवस वाजत नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. (शनिवारी तेल विकत घेऊ नये असं आमची आजीही म्हणायची. तिचं कारण शनीचं होतं. दोन्हींचा संबंध जोडायचा मोह मी आवरतो.)

आता वाचनाकडे. दहा आज्ञा जुन्या करारात दोनदा येतात, एकदा ‘निर्गम’ विसाव्या अध्यायात आणि पुन्हा ‘अनुवाद’ पाचव्यात. दोन्हीकडे सातव्या दिवशी, म्हणजे शब्बाथला, थांबायला सांगितलंय. पण कारण वेगळं दिलंय. निर्गममध्ये कारण असं की देवानं सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी तो थांबला. अनुवादमध्ये सृष्टीचं नाव नाही. तिथे कारण आहे मिसर देशातली गुलामी. तुम्ही गुलाम होतात, तुम्हाला सुट्टी नव्हती, हे लक्षात ठेवा. आणि म्हणून कोणी कोणी थांबायचं याची अख्खी यादी दिली आहे : तू, मुलगा, मुलगी, घरचा नोकर, मोलकरीण, बैल, गाढव, बाकीची गुरं आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका. तुझ्या नोकरालाही तुझ्यासारखीच विश्रांती मिळावी, असं मुद्दाम वेगळं सांगितलंय.

म्हणजे शनिवार तेल्याचा बैलसुद्धा शनिवारी मोकळा. डोळ्याला झापड बांधून सहा दिवस एकाच जागी गोल फिरणारा प्राणी. देशावर पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, ते वर्षातून एकदा. इथे दर आठवड्याला.

हे मी पूर्वीही वाचलं होतं. पण तेव्हा माझं लक्ष ‘तू’ या एका शब्दावर होतं, यादीवर नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतर मी ठरवलं की आपणही असा एक दिवस पाळायचा. मी गेली काही वर्षं घरून काम करतो. वाडीत बसून काम करायला मिळतं याचा लोकांना हेवा वाटतो, पण खरं सांगतो, लॅपटॉप घरातच असला की ऑफिस कधी सुटतच नाही. ज्यूंचा दिवस संध्याकाळी सुरू होतो. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आधी घरची बाई मेणबत्त्या लावते आणि शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसले की शब्बाथ संपतो. मला ते पटकन जमण्यासारखं वाटलं, कारण आमच्याकडे दिवेलागण आहेच. शुक्रवारी आईनं देवाजवळ दिवा लावला की मी लॅपटॉप कपाटात ठेवायचा, फोन सायलेंटवर. तीन शनिवार फार सुंदर गेले. पहाटे कड्यावरच्या गणपतीला चालत गेलो, दुपारी वाचलं. इथे तसं लिहिलंही होतं, तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. थोडी शेखीच मिरवली होती.

तिसऱ्या शनिवारनंतरच्या सोमवारी कळलं की माझ्या ऑन-कॉलच्या पाळ्या मी ज्या ज्युनियर मुलाला ‘जरा बघशील का’ म्हणून दिल्या होत्या, तो त्या शनिवारी आजीच्या वर्षश्राद्धाला गावी गेला होता. घरात नेटवर्क नाही. अलर्ट आला म्हणून गच्चीवर जाऊन दीड तास लॅपटॉप घेऊन बसला. खाली पानं वाढून झाली होती. तो तक्रार म्हणून बोलला नाही, गमतीत सांगितलं. मीच पुढे विचारलं, काय बिघडलं होतं? एक रिपोर्ट उघडत नव्हता. कोणीतरी तो सोमवारी बघणार होतं. मग त्या अलर्टवर ‘क्रिटिकल’ कोणी लिहिलं? इतिहास काढून पाहिला. दोन वर्षांपूर्वी, मीच.

शब्बाथचे नियम ज्यू आचार्यांनी फार बारकाईनं लिहिले आहेत. मिश्ना या ग्रंथात बंद ठेवायच्या कामांचे ३९ प्रकार मोजलेत. नांगरणं, मळणं, दळणं, विणणं, आग पेटवणं, विझवणं. इंजिनिअरला आवडावी अशी यादी. पण एवढ्या कडक नियमाला एक मोठं दार ठेवलंय : जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडायचा. मोडला तर चालेल असं नाही, मोडायचाच. आजाऱ्याला जीवाचा धोका आहे अशी नुसती शंका असली तरी. म्हणजे ‘क्रिटिकल’ कशाला म्हणायचं हे त्यांनी फार पूर्वी ठरवून ठेवलंय, आणि आमच्यासारखे लोक न उघडणाऱ्या रिपोर्टवर तोच शिक्का मारून मोकळे होतात. मी तो अलर्ट बदलला. त्याच्यासोबत आणखी अकरा बदलले. त्या मुलाची माफी मागितली, तर तो बिचारा अवघडला.

पण यादी तिथे संपत नाही.

आमच्याकडे केर-भांड्यांना मावशी येतात, वीसेक वर्षं झाली. माझ्या त्या तिन्ही ‘पवित्र’ शनिवारी त्या आल्या होत्या. उलट मी मोकळा म्हणून मित्रांना जेवायला बोलावलं होतं, तेव्हा भांडी दुप्पट. यादीतला ‘मोलकरीण’ हा शब्द मी किती वेळा वाचला असेन! शेवटी एका शुक्रवारी त्यांना म्हटलं, “मावशी, उद्यापासून शनिवारी येऊ नका, सुट्टी घ्या.”

त्यांचा चेहरा उतरला. “दादा, मग पैसे कापणार काय?”

मी गडबडीनं नाही नाही म्हटलं. पण रात्रभर तो प्रश्न डोक्यात राहिला. विश्रांती म्हणजे माझ्या मनात शांतता, समुद्र, पुस्तक. त्यांच्या मनात पहिली गोष्ट आली ती खाडा. पगारी नसलेली सुट्टी ही सुट्टी नसते, ती बेकारी असते. आज्ञा नोकराला नाही, मालकाला केली आहे, ती का, हे मला तेव्हा समजलं. नोकराला थांबायचा अधिकार मालकाच्या गल्ल्यातून येतो. घाणा एक दिवस बंद ठेवला तर तेल्याचं नुकसान होणार, बैलाचं नाही. शनिवार तेल्यांनी ते नुकसान पिढ्यानपिढ्या सोसलं, तेही हातात पोथी नसताना, तपासायला कोणी धर्मगुरू नसताना. बेने इस्रायल मंडळींनी पुढे बायबलच्या कथांवर मराठीत कीर्तनंसुद्धा केली, एलियाहू हनाबीला पोह्या-खोबऱ्याचा मलिदा ते अजून दाखवतात, हे सगळं मला फार जवळचं वाटतं. पण त्यांच्याकडून शिकायचं म्हटलं तर मला आधी त्या बंद घाण्याकडे बघावं लागतं.

आईचा प्रश्न सरळ होता, “मग भांडी कोण घासणार?” मी घासतो. भांडी घासणं हे ३९ कामांत बसतं का, हा वाद घालायला मला तोंड नाही. आई म्हणते कढईची बूड नीट निघत नाही.

आता खरी अडचण पुढे आहे. निर्गमच्या चौतिसाव्या अध्यायात याच आज्ञेला एक पुस्ती जोडली आहे : नांगरणी आणि कापणीच्या दिवसांतही थांबायचं. जणू लिहिणाऱ्याला ठाऊक होतं की माणूस आधी इथूनच पळवाट काढणार. यंदा आमच्या कलमांना मोहोर बरा आहे. एप्रिल-मे म्हणजे आंबा काढणी. चार गडी, झेले, पेट्या, आणि झाडावर तयार झालेला आंबा शनिवार-रविवार बघत नाही. एक दिवस उशीर झाला तर खाली पडलेल्या फळाला भाव नाही. गड्यांना त्या दिवसांत पगारी सुट्टी द्यायची म्हणजे वर्षाच्या कमाईतून द्यायची, आणि ती कमाई माझी नाही, बाबांची आहे. मी माझ्या पगारातून देतो म्हटलं तरी झाडावरचं फळ थांबणार नाही. आधी काढून ठेवायचं, की गड्यांना आळीपाळीनं वेगवेगळे दिवस द्यायचे? माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्या घरी बाग असेल, तुम्ही काय करता ते जरूर कळवा.

काल रात्री बाबांजवळ विषय काढला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, ‘शनिवार तेली’ हे नाव ऐकून हसलेही. मग म्हणाले, “तुझ्या त्या तेल्यानं हापूस लावला असता म्हणजे कळलं असतं त्याला.” आणि दिवा मालवायला उठले.

उद्या नेहमीप्रमाणे ज्ञानेश्वरी.