न सांगितलेला दोष

शास्त्रवाचन : लेवीय १९:११–१४, अनुवाद २२:८, नीतिसूत्रे २०:१४

जुनी वस्तू विकताना तिच्यातील दोष घेणाऱ्याने विचारला नाही, तरी विकणाऱ्याने तो सांगितला पाहिजे काय? प्रश्न नवा नाही. घर, बैल, शिवणयंत्र, मोटारसायकल, यांपैकी काहीतरी आपण प्रत्येकाने केव्हातरी विकलेले असते किंवा विकत घेतलेले असते, आणि त्या वेळी हा प्रश्न दाराशी येऊन उभा राहिलेला असतो. बहुधा आपण त्याला आत घेत नाही. "व्यवहार आहे," एवढे म्हणून दार लोटून देतो.

आज हा प्रश्न एका निराळ्या वस्तूच्या आधाराने पाहू. ती वस्तू म्हणजे लांब पल्ल्याच्या सागरी प्रवासाची जुनी शिडाची नौका. आपल्या मंडळ्यांतील फार थोड्या लोकांनी अशी नौका विकत घेतली असेल. तरी तिचीच निवड करण्याला कारण आहे. शिवणयंत्राचा दोष लपला तर पैसे बुडतात. नौकेचा दोष लपला तर माणूस बुडतो. म्हणून प्रश्नाचे खरे रूप तेथे स्वच्छ दिसते.

इंग्लंड-अमेरिकेत अशा जुन्या नौकांची खरेदी-विक्री नेहमी चालते. नवी नौका सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची असते, म्हणून निवृत्त जोडपी, तरुण कुटुंबे चाळीस-पन्नास वर्षांची नौका घेतात आणि तीत राहून समुद्रपर्यटन करतात. 'वेस्टसेल ३२' ही त्यांतील एक प्रसिद्ध जात. ती बत्तीस फूट लांबीची, वजनदार, फायबरग्लासची नौका १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात तयार होत असे. तिचा आराखडा विल्यम ॲटकिन यांच्या जुन्या 'एरिक' नौकेवरून घेतलेला, आणि त्या 'एरिक'चे मूळ नॉर्वेतील कॉलिन आर्चर यांच्या जीवरक्षक नौकांत. हे घराणे आपल्यालाही अगदी परके नाही. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची 'सुहैली' याच 'एरिक'च्या आराखड्यावरून १९६० च्या दशकात मुंबईत सागवानी लाकडात बांधली गेली. तीतून त्यांनी १४ जून १९६८ ते २२ एप्रिल १९६९ या काळात, वाटेत कोठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. असा प्रवास पुरा करणारे ते पहिलेच.

वेस्टसेलविषयी एक गोष्ट आपल्या विषयाला फार उपयोगी आहे. त्यांतील पुष्कळ नौका कारखान्याने पूर्ण करून दिल्याच नाहीत. गिऱ्हाइकाने नुसता सांगाडा न्यायचा आणि आतील काम घरच्या अंगणात स्वतः करायचे, अशी सोय होती. त्यामुळे नाव एक, बांधा एक, पण एकीचे काम कसबी सुताराचे तर दुसरीचे हौशी कारकुनाचे! बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. आत काय आहे, ते ज्याने काम केले त्याला ठाऊक, किंवा ज्याने तीत वादळ काढले त्याला.

नौकेचे दोष लपण्याच्या जागाही खास असतात. लाकडी नौकेत कूज धरते ती बहुधा वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात, डेकच्या खाली, आणि फळ्या जेथे एकमेकींना मिळतात तेथे. फायबरग्लासच्या पुष्कळ जुन्या नौकांत डेकच्या दोन थरांमध्ये लाकूड घातलेले असते. स्क्रूच्या भोकातून पाणी झिरपत राहिले की ते आतल्या आत मऊ होते आणि वरचा थर मात्र चकचकीत राहतो. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा ज्या पोलादी पट्ट्यांना बांधतात, त्या पट्ट्या डेकमधून जातात तेथे, डोळ्यांआड, गंजतात. अशी एक पट्टी तुटली तर डोलकाठी कोसळू शकते. आणि ती बंदरात शांत पाण्यावर तुटण्यापेक्षा भर वाऱ्यात, किनारा दूर असताना तुटण्याचाच संभव अधिक.

म्हणून शहाणा ग्राहक सर्व्हेअर नेमतो. तो नौका पाण्याबाहेर काढायला लावतो, लहान हातोडीने जागोजाग ठोकून पाहतो. निकोप जागी आवाज खणखणीत येतो, कुजल्या जागी बद्द. ओल मोजण्याचे यंत्रही तो लावतो. तरीपण दुसऱ्याच्या मालकीची नौका त्याला फोडून पाहता येत नाही. प्रामाणिक सर्व्हेअर आपल्या अहवालात लिहूनच ठेवतो की अमुक अमुक जागा मला पाहता आल्या नाहीत. त्या न पाहिलेल्या जागांत आपला प्रश्न राहतो.

आता असे समजा की एका मालकाला ठाऊक आहे की डोलकाठीखालचे डेक मऊ झाले आहे. गेल्या पावसाळ्यानंतर त्याने तेथे रंगाचे दोन हात दिले. ग्राहक येतो, नौकेवर खूश होतो. "तुम्ही तुमचा सर्व्हेअर आणा, हवे ते तपासा," मालक म्हणतो. तो एक अक्षरही खोटे बोललेला नाही. सर्व्हेअरच्या हातोडीला ती जागा सापडत नाही. व्यवहार होतो. मालकाने पाप केले काय?

कायद्याला विचारले तर उत्तर विचार करण्यासारखे मिळते. आपल्या देशात १८७२ चा करार कायदा आजही चालू आहे. त्याच्या सतराव्या कलमात म्हटले आहे की नुसते गप्प राहणे ही फसवणूक नव्हे; मात्र बोलणे हे कर्तव्यच ठरावे अशी परिस्थिती असेल, किंवा गप्प राहणे हेच बोलण्यासारखे असेल, तर गोष्ट वेगळी. त्याखाली घोड्याची उदाहरणे दिली आहेत. एक मनुष्य लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोड आहे हे त्याला ठाऊक आहे; तो काही बोलत नाही. ही फसवणूक नव्हे. पण घेणारी त्याचीच मुलगी असेल, आणि ती नुकतीच सज्ञान झाली असेल, तर त्या नात्यामुळे तिला सांगणे हे त्याचे कर्तव्य आहे. आणखी एक उदाहरण असे की घेणारा म्हणतो, "तुम्ही नाही म्हटले नाही, तर घोडा चांगला असे मी समजेन," आणि विकणारा गप्प बसतो. येथे त्याचे मौन हे बोलणेच होय.

वाचकहो, यात एक गोष्ट लक्षात घ्या. खरेपणा म्हणजे काय, हे कायद्याला ठाऊक नाही असे नाही. ते त्याला उत्तम ठाऊक आहे. म्हणूनच मुलीच्या बाबतीत तो ते मागतो. लिलावातील परक्याला मात्र तो म्हणतो, "तुझे तू पाहा." कायद्याला याबद्दल दोष देण्याचे कारण नाही. लाखो व्यवहार चालवायचे तर त्याला कोठेतरी रेघ ओढावीच लागते. पण एका शास्त्र्याने प्रभु येशूला जे विचारले, "माझा शेजारी कोण?" (लूक १०:२९), ते या रेघेविषयीच होते. कोणापर्यंत माझे कर्तव्य आणि कोठून पुढे मी मोकळा, हे त्याला हवे होते. प्रभूने रेघ दाखवली नाही. त्याने वाटेवर पडलेला एक अनोळखी मनुष्य दाखवला. कायदा जे मुलीला देतो, ते ख्रिस्ती मनुष्याने लिलावातील अनोळख्यालाही द्यावे, एवढाच या प्रश्नाचा निकाल आहे.

जुन्या करारातही हेच तत्त्व सापडते. आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये, अशी आज्ञा लेवीय १९:१४ मध्ये आहे. डोळस ग्राहकदेखील रंगाखालच्या कुजीविषयी आंधळाच असतो. नवे घर बांधणाराने धाब्याला कठडा करावा, नाहीतर पडणाऱ्याच्या रक्ताचा दोष घराला लागेल, असे अनुवाद २२:८ मध्ये सांगितले आहे. आणि निर्गम २१:२८-२९ मध्ये तर फार बारीक भेद केला आहे. बैलाने अकस्मात कोणाला हुंदडून मारले तर धनी निर्दोष. पण बैल मारका आहे हे ज्याला अगोदर कळवले होते आणि तरी ज्याने तो बांधून ठेवला नाही, तो धनी दोषी. दोष ठरतो तो धन्याच्या ठाऊक असण्यावरून.

यावर काही आक्षेप येतात. पहिला असा की, "किंमत मी कमी केली होती, त्यात सर्व आले." पण घेणाऱ्याला किंमत का कमी झाली हे ठाऊक नाही. स्वस्त मिळाली याचा आनंद मानून तो त्याच डोलकाठीवर पूर्ण शीड चढवणार आहे. पैशाचा हिशेब जुळला, जिवाचा जुळला नाही. दुसरा आक्षेप असा की, "सर्व दोष सांगत बसलो तर नौका विकणारच नाही." ही भीती खरी आहे, आणि गरजू विकणाऱ्याच्या बाबतीत ती क्रूरही आहे. म्हातारपणी एवढीच काय ती पुंजी असू शकते. पण दोष सांगितल्याने नौकेची किंमत उतरत नाही. ती कुजीने आधीच उतरलेली असते. न सांगता तो विकणारा ती तूट दुसऱ्याच्या माथी मारतो, एवढेच.

येथे घेणाऱ्यालाही सुटका नाही. नीतिसूत्रे २०:१४ मधला ग्राहक आपल्या ओळखीचा आहे. मालाला नावे ठेवीत तो भाव पाडतो, आणि घरी गेल्यावर आपल्या सौद्याची फुशारकी मारतो. समजा, मालक वारला आहे आणि त्याच्या विधवेला नौकेतले काही कळत नाही. घेणाऱ्याला मात्र एका दृष्टीत कळले आहे की ही नामांकित बांधणीची आणि निकोप आहे. तो चेहरा पाडून म्हणतो, "जुनाट आहे हो, लाकडाच्या भावाने द्या." येथे न सांगितलेला गुण हा न सांगितलेल्या दोषासारखाच आहे. अब्राहामाने मकपेलाची गुहा घेतली ती लोकांच्या समक्ष, पुरे मोल देऊन, चारशे शेकेल रुपे तोलून (उत्पत्ति २३).

कोणी शेतात लपलेल्या ठेवीचा दाखला पुढे करील (मत्तय १३:४४). त्या मनुष्याने ठेव सापडल्याचे न सांगता शेत विकत घेतले ना? शब्बाथशाळेत चुणचुणीत मुले हे हमखास विचारतात. त्यांना सांगावे की प्रभूने तेथे शेतजमिनीच्या व्यवहाराचा नियम घालून दिलेला नाही. देवाच्या राज्यासाठी सर्वस्व विकावे, इतके ते मोलाचे आहे, हे त्याने दाखवले. आपले येणे चोराच्या येण्यासारखे असेल असे तो म्हणाला, म्हणून चोरी योग्य ठरत नाही.

मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. जे ठाऊक नाही ते सांगण्याचे ओझे कोणावर नाही. "हे मी कधी उघडून पाहिलेले नाही," हे उत्तर पूर्ण प्रामाणिक आहे. प्रत्येक ओरखड्याची यादी देण्याचेही कारण नाही. पण माझाच मुलगा आज रात्री या नौकेतून निघणार असता, तर मी त्याला धक्क्यावर काय सांगितले असते? तेवढे अनोळख्याला सांगावे.

सांगितलेल्या दोषाचे काय होते, याचे उदाहरण जोशुआ स्लोकमच्या 'स्प्रे' नौकेत आहे. १८९२ साली एबेन पियर्स नावाच्या वृद्ध कप्तानाने त्याला एक नौका देऊ केली आणि दुरुस्ती लागेल असे सांगितले. मॅसॅच्युसेट्समधील फेअरहेवन येथे स्लोकमने पाहिले, तो ती पाण्यापासून दूर, एका शेतात, टेकू देऊन उभी केलेली! ती इतकी उघड मोडकळीला आलेली होती की फसण्याला जागाच नव्हती. म्हणून त्याने एकही फळी विश्वासावर सोडली नाही. तेरा महिने खपून आणि सामानावर ५५३ डॉलर ६२ सेंट खर्चून त्याने ती जवळजवळ नव्याने बांधली. एप्रिल १८९५ मध्ये तो बोस्टनहून निघाला आणि जून १८९८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतला. एकट्याने अशी प्रदक्षिणा करणारा तो पहिला मनुष्य. पुढे १९०९ साली तो त्याच नौकेतून निघाला तो पुन्हा दिसला नाही. खरेपणा म्हणजे समुद्राविरुद्ध विमा नव्हे. 'सुहैली'च्या सांध्यांतूनही वाटेत पाणी येऊ लागले होते. नॉक्स-जॉन्स्टन यांना गळती कोठे आहे हे दिसले, म्हणूनच पाण्यात बुडी मारून सांध्यात कापूस ठासता आला आणि वर तांब्याची पट्टी मारता आली. माहीत असलेल्या कुजीवर उपाय करता येतो. रंगाखाली झाकलेल्या कुजीवर कोणालाच करता येत नाही, कारण जो करणार त्याच्यापासूनच ती लपवलेली असते.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मोठ्या मुलांच्या वर्गात तो कायद्यातील घोडा एकदा आणून पाहावा. तिन्ही उदाहरणे सांगावीत आणि विचारावे, "मुलीला सांगायचे, मग लिलावातल्या माणसाला का नाही?" मुलांना उत्तर शोधू द्यावे, घाई करू नये. मग दयाळू शोमरोन्याचा दाखला वाचावा. आणि त्या आठवड्यात स्वतः शिक्षकाच्या घरची एखादी जुनी वस्तू विकायची असेल, तर वर्गाला शिकवलेले तेथे आधी करून पाहावे.