चौकात थांबतं कोण?

जळगावातला रिक्षावाला दिवसातून वीसदा तरी एका मासिकाचं नाव घेत असेल. ‘काव्यरत्नावलीला सोडू का?’ तो विचारतो, आणि मागे बसलेली बाई भाजीची पिशवी सावरत म्हणते, ‘थोडं पुढे घ्या, दादा.’ नारायण नरसिंह फडणीसांनी १८८७ साली याच गावातून ‘काव्यरत्नावली’ काढलं. निव्वळ कवितेला वाहिलेलं मासिक, कापसाच्या गावात, आणि तेही १९३५पर्यंत चाललं! १९०७ साली जळगावात कविसंमेलन भरलं, तेव्हा धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाच्या पोराची कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ केलं. या सगळ्याची खूण म्हणून आज एक चौक आहे. त्यातून जाणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना ते मासिक ठाऊक नाही, पण नाव तोंडात आहे. स्मारकाकडून याहून जास्त काही मागावं का, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळतो आहे.

सुरुवात झाली ती मत्सरातून. कॉलेजात असताना एका जुन्या मासिकात सिएना या इटालियन शहरातल्या ‘कॅम्पो’ चौकाचं रंगीत छायाचित्र पाहिलं. शिंपल्यासारखी उतरती, विटांनी बांधलेली, नऊ पाकळ्यांत विभागलेली भुई. चौदाव्या शतकात नऊ जणांचं मंडळ शहराचा कारभार बघे, त्याची ती खूण. चौकाकडे तोंड असलेल्या घरांच्या खिडक्या कशा असाव्यात, याचा नियम त्या नगराने १२९७ सालीच करून ठेवला होता. पण माझी नजर अडकली ती माणसांवर. ती चक्क जमिनीवर पसरली होती, कुणी आडवं, कुणी पोराला मांडीवर घेऊन. मधोमध काहीच नव्हतं. मला वाटलं, आपल्याकडे चौक आहेत, पण ही गोष्ट नाही. आपल्याकडे चौकात जो थांबतो त्याला मागून हॉर्न बसतो.

पुढे हे मत मोडत गेलं, पण एका झटक्यात नाही.

आधी शब्दाने गोंधळात टाकलं. ‘चौक’ हा ‘चतुष्क’चा वंशज. आमच्या आजोळी तो रस्त्यावर नव्हताच, घरात होता. वाडा दोन चौकी होता. मधल्या चौकात तुळस, एका कोपऱ्यात रांजण, आणि उन्हाळा लागला की खाटांवर वाळत टाकलेल्या बिबड्या आणि कुरडया. चिमण्या हाकलायला आम्हा पोरांना बसवत. त्या चौकात येऊन बसायला आमंत्रण लागत नसे, पण ओळख लागे. अनोळखी माणसाची जागा बाहेर, पारावर नाहीतर चावडीत. आणि रस्ते जिथे एकमेकांना छेदतात ती जागा म्हणजे चव्हाटा. भांडण चव्हाट्यावर आलं म्हणजे अब्रू गेली. बसायचा तो पार, मिटवायची ती चावडी, आणि जिथे थांबण्यात शोभा नाही तो चव्हाटा. रस्त्यावरच्या चौकालाही ‘चौक’ म्हणणं जुनंच आहे, पण आज आपण चव्हाट्याला चौक म्हणतो आणि त्याच्याकडून पाराची अपेक्षा धरतो. माझ्या तक्रारीतली निम्मी हवा इथेच गेली.

उरलेल्या निम्मीसाठी धुळ्याला जावं लागेल. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या हाती आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्जने मुख्य ठाणं म्हणून धुळं निवडलं. तेव्हा तिथे सुमारे अडीच हजार माणसं राहत होती. ब्रिग्जने कचेऱ्या बांधल्या, व्यापाऱ्यांना बोलावलं, घरासाठी जागा बिनभाड्याने दिल्या. सरळ रस्ते, समांतर गल्ल्या, आणि गल्ल्यांना नावं नाहीत तर नंबर. धुळेकर अजूनही ‘गल्ली नंबर चार’ असाच पत्ता सांगतो. (शहराची ही आखणी विश्वेश्वरय्यांनी केली असं तिथे अभिमानाने सांगितलं जातं. ते तरुणपणी नोकरीनिमित्त खानदेशात होते आणि पांझरेच्या खोऱ्यात त्यांनी केलेलं सायफनचं काम खरंच आहे, पण नव्या धुळ्याची पहिली रेघ पडली तेव्हा त्यांच्या जन्माला चाळीसेक वर्षं अवकाश होता. दंतकथेला कर्तबगार माणूस लागतो, तारखा नाही.) आग्रा रोडवरून माल चालला पाहिजे, हा या शहराचा हेतू. कंपासपट्टीने आखलेल्या गावात चौक ठरवून होत नाही. दोन रेघा एकमेकींना छेदतात आणि तो होऊन जातो. त्याच आग्रा रोडच्या बाजारात लोकांनी पाचकंदील हे नाव कायम केलं. साहेबाने नंबर दिले, नाव मात्र दिव्यांवरून पडलं.

मग चौकात पुतळा आला, आणि तो आला घोड्यावरून. या घोड्याचा प्रवास मोठा गमतीचा आहे. रोममध्ये मार्कस ऑरेलियस या बादशहाचा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा होता. ख्रिस्ती काळात असले पुतळे वितळवले गेले, हा मात्र वाचला. लोक त्याला पहिला ख्रिस्ती सम्राट कॉन्स्टंटाइन समजत राहिले म्हणून! म्हणजे चुकीच्या ओळखीने जीव वाचला. त्याचा कित्ता पुढे युरोपातल्या राजांनी आणि सेनापतींनी गिरवला. ती रीत बोटीने मुंबईत आली आणि १८७९ साली सातव्या एडवर्डचा काळा घोडा उभा राहिला. १९२८ साली नानासाहेब करमरकरांनी घडवलेला अश्वारूढ शिवाजी पुण्यात उभा राहिला, तेव्हा त्या घोड्यावर आपला माणूस बसला. त्यानंतर महाराष्ट्रात गावोगावी जे घोडे उभे राहिले, त्यांचं मूळ एका परीने रोमच्या टेकडीवर आहे. यात कमीपणा कसला? उसनी आणलेली गोष्ट आपण आपल्या कारणासाठी वापरली. काळ्या घोड्याचंच बघा. १९६५ साली पुतळा हलवून राणीच्या बागेत नेला, तरी जागेचं नाव पुढे अर्धशतकभर बिनघोड्याचं चाललं, आणि २०१७ साली तिथे पुन्हा घोडा आला तो स्वाराशिवाय.

उसनवारीत एक चूक मात्र झाली, असं मला फार दिवस वाटत होतं. कामिलो झिटे नावाच्या व्हिएन्नाच्या वास्तुकाराने १८८९ साली नगररचनेवर एक पुस्तक लिहिलं. त्याचं निरीक्षण असं की जुन्या नगरांत पुतळा किंवा कारंजं मधोमध नसे, कडेला असे. दाखला त्याने पोरांचा दिला आहे. बर्फ पडल्यावर मुलं बर्फाचा बाहुला करतात तो गाड्यांच्या चाकोऱ्या टाळून, त्यांच्या अधेमधे उरलेल्या अस्पर्श तुकड्यावर. शहाण्या नगरांनीही तेच केलं. आम्ही नेमकं उलट केलं. मधोमध गोल, गोलात चौथरा, चौथऱ्यावर पुतळा, भोवती लोखंडी जाळी. माणूस पुतळ्याजवळ वर्षातून दोनदा जातो, जयंतीला आणि पुण्यतिथीला, तेही पालिकेची शिडी आली तर. एरवी सगळे त्याला प्रदक्षिणा घालतात, फक्त ती दुचाकीवरून असते. १८ जानेवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्त्यांवर आणि पदपथांवर नवे पुतळे बसवायला परवानगी देऊ नये असा आदेश दिला, तेव्हा मी मनातल्या मनात झिटेला सलाम केला होता.

मग नंदुरबारला गेलो आणि हा सलाम जरा घाईचा वाटला. ९ सप्टेंबर १९४२ला तिथे निघालेल्या मिरवणुकीवर गोळीबार झाला. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनःश्याम शहा ही शाळकरी वयाची पोरं त्यात गेली. शिरीषकुमार सोळाचाही नव्हता. त्यांचं स्मारक माणिक चौकात आहे, अगदी बाजाराच्या गर्दीत. झिटेच्या हिशोबाने जागा अडचणीची. पण ते स्मारक जागा शोधत तिथे आलेलं नाही, जागेनेच ते मागून घेतलं आहे. कापडाच्या दुकानातून बाहेर पडणाऱ्या माणसाला तिथे वळसा घालावा लागतो, आणि तो वळसा बरोबर आहे. एखादा उड्डाणपूल आला म्हणून ते हलवलं, तर उरेल तो नुसता दगड.

याचं उलटं टोक फैजपूर. डिसेंबर १९३६मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन तिथे झालं. नंदलाल बोसांनी बांबू आणि गावातलंच सामान वापरून अख्खं नगर सजवलं. अधिवेशन संपलं, नगर उतरलं. दगड एकही उरला नाही, पण फैजपूर म्हटलं की आजही तेच आठवतं.

तेव्हा माझा प्रश्न बदलला. चौकात काय उभं आहे हे विचारायचं सोडून तिथे कोण थांबतं हे मी बघू लागलो, आणि उत्तर मिळालं ते कार्तिकी एकादशीला, जुन्या जळगावात.

अप्पा महाराजांनी १८७२ साली सुरू केलेला श्रीरामाचा रथ त्या दिवशी निघतो. लहानपणापासून बघत आलो, पण नजर नेहमी वर, कळसाकडे. त्या वर्षी गर्दीत ढकलला जाऊन चाकाशी आलो. रथाला ना स्टिअरिंग ना ब्रेक. त्याला थांबवतो तो मोगरीवाला. मोगरी म्हणजे लाकडाचा जाड ठोकळा. गडी चाकाच्या अगदी पुढ्यात उलटा चालत असतो, नजर चाकावर, हातात मोगरी. वळण आलं की एका चाकाखाली ती सरकवायची. ते चाक अडतं, दुसरं फिरतं, रथ वळतो. क्षणभर हात उशिरा निघाला तर बोटं गेली. मोगरीवर चाकांचे जुने वळ उमटलेले होते, कडा चेपून गुळगुळीत झाल्या होत्या.

रथ थांबला की तिथे चौक होतो. एरवी जिथून दोन रिक्षा धड जात नाहीत त्या बोळात आरतीचं ताट घेऊन बायका उभ्या राहतात, ओट्यांवर पोरं चढतात, केळीवाला आपली गाडी भिंतीला चिकटवतो. भिलपुऱ्यात लालशा बाबांच्या समाधीपाशी तो थांबतो, तेव्हा तिथली माणसं पुढे होतात. मोगरी निघते, दोर ताणले जातात, आणि पाच मिनिटांत तो चौक पुन्हा बोळ होतो. सिएनात भुईवर पसरलेली माणसं मला दिसली होती. ही इतकी वर्षं समोर होती.

माझ्या शेजारी ओट्यावर एक म्हातारे बाबा बसले होते, धोतर गुडघ्यापर्यंत घेतलेलं. मी पुढच्या वळणाकडे निघालो तसा त्यांनी माझा सदरा धरला. ‘बस ना भो, काय घाई शे? रथ आठेच येवाव शे.’