एकाच सूरहमधल्या दोन आयती

२०१६ साली मी बी.एड. करीत होते. त्या वर्षाच्या अखेरीस माझ्या मोबाईलवर एक छोटी चित्रफीत आली. चष्मा लावलेला एक माणूस परक्या भाषेत काहीतरी बोलत होता आणि खाली उर्दूत लिहिले होते की, जकार्ताच्या ख्रिस्ती गव्हर्नरने कुराणाला खोटे म्हटले आहे. मी ती आमच्या वर्गाच्या ग्रुपवर लगेच पुढे पाठवली. वर स्वतःचे एक संतापाचे वाक्यही जोडले. अब्बा शेजारीच बसले होते. त्यांनी विचारले, "काय म्हणतोय तो?" मी सांगितले. ते म्हणाले, "तुला येते का गं ती भाषा?" मी म्हणाले, "खाली लिहिलंय ना!" अब्बा पुढे काही बोलले नाहीत.

त्या प्रश्नाचे उत्तर मला फार उशिरा सापडले. ते माझ्यापुरते ठेवण्यासारखे नाही, म्हणून हा लेख.

त्या गव्हर्नरचे नाव बासुकी त्जाहाजा पुर्नामा. लोक त्यांना 'अहोक' म्हणत. चिनी वंशाचे आणि ख्रिस्ती धर्माचे अहोक २०१४ पासून जकार्ताचे गव्हर्नर होते. इंडोनेशियात शंभरातले सुमारे सत्त्याऐंशी लोक मुसलमान आहेत. २७ सप्टेंबर २०१६ रोजी ते जकार्ताजवळच्या एका बेटावर मत्स्यपालनाच्या योजनेसाठी गेले होते. निवडणूक तोंडावर होती. मला मत दिले नाही तरी योजना थांबणार नाही, असे कोळ्यांना सांगता सांगता ते आणखी एक वाक्य बोलून गेले. सूरह अल-माइदाची एकावन्नावी आयत वापरून तुम्हाला फसवले जाते, अशा अर्थाचे ते वाक्य होते.

यातला 'वापरून' हा शब्द महत्त्वाचा. इंडोनेशियन भाषेत तो 'पाकाई' असा आहे. भाषणातला एक छोटा तुकडा कापून तो समाजमाध्यमांवर पसरवला गेला, तेव्हा सोबत लिहिलेल्या मजकुरात हा शब्द नव्हता. 'आयत वापरून फसवतात' म्हटले तर दोष फसवणाऱ्या माणसावर येतो. 'आयतीने फसवले' म्हटले की दोष आयतीवर येतो. तो मजकूर टाकणाऱ्यालाही पुढे २०१७ मध्ये न्यायालयाने दीड वर्षाची शिक्षा दिली. तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.

मी भाषा शिकवते. विभक्तीचा एक प्रत्यय चुकला तर मुलांचे गुण कापते. आणि मी स्वतः मात्र जी भाषा मला येतच नाही तिच्यातल्या वाक्यावर सही करून मोकळी झाले होते. कोणी बातमी आणली तर आधी खात्री करा, नाहीतर अजाणतेपणी एखाद्या समूहाचे नुकसान कराल आणि मागाहून पस्तावाल, हे सूरह अल-हुजुरातमध्ये सांगितले आहे. मी ते शाळेत असताना पाठ केले होते.

अहोक यांनी १० ऑक्टोबरला माफी मागितली. दुसऱ्याच दिवशी तिथल्या उलेमा परिषदेने, म्हणजे मजलिस उलेमा इंडोनेशियाने, त्यांचे बोलणे कुराणाचा आणि उलेमांचा अपमान ठरवले. ४ नोव्हेंबरला जकार्तात प्रचंड मोर्चा निघाला आणि रात्री त्याला हिंसक वळण लागले. २ डिसेंबरला, शुक्रवारी, राष्ट्रीय स्मारकाच्या मैदानात लाखो लोक जमले. राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनीही तिथे येऊन जुम्याची नमाज अदा केली. तो दिवस शांततेत पार पडला. एवढ्या माणसांनी शिस्तीने एकत्र येणे ही लहान गोष्ट नव्हे आणि निषेध करणे हा लोकांचा हक्क आहे. आपल्या श्रद्धेविषयी कोणी वेडेवाकडे बोलले तर मनाला लागते. लागू नये असे म्हणणारा माणूस एकतर खोटे बोलतो किंवा त्याने कशावर मनापासून प्रेमच केलेले नाही. शिवाय दुसऱ्याच्या ग्रंथाविषयी निवडणुकीच्या भरात बोलणे हे अहोक यांच्याकडून शहाणपणाचे झाले नाही, हेही मान्य केले पाहिजे. त्यांच्या कारकिर्दीत नदीकाठच्या आणि बंदराजवळच्या गरीब वस्त्या उठवल्या गेल्या होत्या, आणि त्या माणसांचा रागही खरा होता.

मग चुकले कुठे? माझ्या मते, त्या गर्दीने केलेल्या मागणीत चुकले. 'या माणसाची नीट चौकशी करा' ही ती मागणी नव्हती. 'याला तुरुंगात टाका' ही होती. निकाल आधी लागला होता, खटला मागाहून चालायचा होता. गुन्हा घडला की नाही हे ठरवायला साक्षी, पुरावे आणि शांत डोके लागते. मैदानात कितीही माणसे असली तरी ती साक्षीदार होत नाहीत, कारण त्यांतल्या बहुतेकांनी ते पूर्ण भाषण ऐकलेच नव्हते. मीही ऐकले नव्हते.

१३ डिसेंबरला खटला सुरू झाला. एप्रिल २०१७ मध्ये अहोक निवडणूक हरले. या काळात काही मशिदींवर फलक लागले होते की, अहोकला मत देणाऱ्याच्या जनाज्याची नमाज इथे पढली जाणार नाही. इथे मी थबकते. नमाज पढणाऱ्या, रोजे ठेवणाऱ्या माणसाचा जनाजा एका मतासाठी अडवायचा! धर्माच्या अपमानाविरुद्ध सुरू झालेली गोष्ट अशी आपल्याच मयतापर्यंत येऊन पोचली. सरकारी वकिलांनी दोन वर्षांच्या देखरेखीसह एक वर्षाची स्थगित शिक्षा मागितली होती, म्हणजे तुरुंगवास नको होता. ९ मे २०१७ रोजी न्यायालयाने त्याहून जास्त, दोन वर्षांची कैद दिली. जानेवारी २०१९ मध्ये अहोक सुटले.

तिथले सगळेच गप्प होते असे नाही. 'मुहम्मदिया' या मोठ्या संघटनेचे माजी अध्यक्ष अहमद स्याफी मारिफ तेव्हा ऐंशी ओलांडलेले होते. या माणसाने कुराणाचा अपमान केलेला नाही, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले आणि आपल्याच लोकांच्या शिव्या खाल्ल्या.

आता त्या आयतीविषयी. यहुदी आणि ख्रिस्ती यांना आपले 'औलिया' करू नका, असे त्या आयतीत येते. 'औलिया' हे 'वली'चे अनेकवचन. इंडोनेशियातल्या काही भाषांतरांत त्याचा अर्थ 'नेता' असा केला गेला, काहींत 'विश्वासू सोबती'. उर्दू भाषांतरांत बहुधा 'दोस्त' असतो. निकाहात मुलीचा वली म्हणजे पालक. दर्ग्यातला वली म्हणजे अल्लाहचा प्रिय बंदा. आणि मराठीने याच शब्दाचा 'अवलिया' केला! ज्या शब्दाचे आपल्याच घरात इतके अर्थ आहेत, त्याचा एकच अर्थ घेऊन एखाद्याला मत देणे हराम ठरवावे का, यावर आलिमांमध्ये मतभेद असणारच. मतभेदाच्या जागी अपमानाचा आरोप ठेवला की चर्चा संपते.

पण मला खरे अंतर्मुख केले ते वेगळ्याच गोष्टीने. एकावन्नावी आयत शोधताना मी सूरह अल-माइदा सुरुवातीपासून वाचली आणि आठव्या आयतीपाशी थांबले. एखाद्या समूहाविषयीच्या वैरामुळे तुम्ही न्याय सोडू नका, न्याय करा, तोच परहेजगारीच्या जवळ आहे, असा तिचा आशय आहे. सूरह तीच, फक्त त्रेचाळीस आयती आधी. त्या मैदानातले लोक एकावन्नाव्या आयतीसाठी जमले होते. आठवीसाठी कोण जमले?

एखादा वाचक म्हणेल, जकार्ताचे काय घेऊन बसलात, आम्ही इथे अल्पसंख्य आहोत. मी त्याचसाठी जकार्ता घेतले आहे. तिथे गर्दी आपली होती आणि एकटा माणूस परका होता. इथे चित्र बहुधा उलटे असते. भावना दुखावल्याच्या आरोपावरून पोलिसठाण्यासमोर जमाव जमतो, तेव्हा त्या जमावाने कायदा हातात घेऊ नये, आमच्या मुलाचेही ऐकून घ्यावे, असे आपण म्हणतो. ते बरोबरच आहे. पण मग तीच कसोटी अहोकला लावायला हवी. अल्पसंख्य असताना न्याय मागायचा आणि बहुसंख्य असताना तो विसरायचा, ही न्यायाची मागणी नव्हे, सोयीची मागणी झाली.

आपल्याकडेही असे कायदे आहेत. लाहोरात निघालेल्या, पैगंबरांवर चिखलफेक करणाऱ्या एका पुस्तकावरून रान पेटले आणि १९२७ मध्ये दंडविधानात कलम २९५-अ आले. आता ते भारतीय न्याय संहितेत कलम २९९ आहे. मुसलमानांच्या वेदनेतून आलेल्या त्या कलमाला कोणत्याही धर्माचा माणूस कोणाविरुद्धही हात घालू शकतो. तेव्हा हत्यार घडवताना ते उद्या कोणाच्या हातात असेल याचा विचार करावाच लागतो.

ताइफमध्ये पैगंबर साहेबांना (स.) दगड मारून रक्तबंबाळ केले गेले. त्या लोकांना चिरडून टाकू का, असे फरिश्त्याने विचारले तेव्हा त्यांनी नकार दिला आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांविषयी आशा व्यक्त केली. ज्यांचा प्रत्यक्ष अपमान झाला त्यांनी हे केले. त्यांच्या नावाने रस्त्यावर उतरणाऱ्याने आपला राग त्यांच्या वागण्याशी एकदा ताडून पाहावा.

दुःख झाले तर बोलावे, निषेध करावा, चूक दाखवून द्यावी. जे मनाला लागते ते लागतेच, पण त्याची शिक्षा मीच ठरवावी हा अधिकार मला त्यातून मिळत नाही.

हल्ली मोबाईलवर अशी एखादी चित्रफीत आली की वर्गातली मुले तावातावाने दाखवायला आणतात. मी त्यांना अब्बांचाच प्रश्न विचारते : "तुला येते का ती भाषा?" भाषा आपली असली तर दुसरा विचारते : "पूर्ण ऐकलंस का?" बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असते. मग आम्ही ते पूर्ण ऐकायला बसतो. कधी पूर्ण ऐकल्यावरही राग येतो. पण तो आता ऐकून आलेला राग असतो. तो कसा मांडायचा, हे मग आम्ही मिळून लिहायला घेतो.

अब्बांना मात्र मी त्या दिवसाविषयी अजून काही बोललेले नाही. हा लेख छापून आला की त्यांना वाचून दाखवणार आहे.