पेन विकण्याआधी



गोंदियाहून सुटणाऱ्या विदर्भ एक्स्प्रेसमध्ये एखादा तरुण मांडीवर फाईल घेऊन बसलेला दिसतो. मुंबईच्या मार्केटिंग एजन्सीत त्याची मुलाखत असते. तिथे समोरचा हमखास म्हणतो, “हा पेन मला विकून दाखवा.” मग पेनाचे गुण सांगता सांगता याची दमछाक होते. गोंदियाकडच्या झाडीबोलीचा हेल जिभेवर आला, की तो आणखीच संकोचतो.

पण जरा आपल्या तांदळाच्या बाजाराकडे पाहा. मुरलेला व्यापारी मालाचे कौतुक नंतर करतो. आधी विचारतो, “रोजच्या जेवणाला हवा, की लग्नकार्याला?” समोरच्याची गरज ओळखणे, हाच विक्रीचा पहिला धडा आहे. पण मालही अस्सल हवा. विदर्भातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे जेमतेम शिकलेले शेतकरी. त्यांनी निवडलेल्या धानाला तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून ‘एचएमटी’ हे नाव मिळाले आणि ते वाण घरोघरी पोहोचले. दाणा अस्सल होता, म्हणून नावही टिकले.

मित्रांनो, हेल लपवू नका, प्रश्न विचारायला शिका.

आणि मुलाखत घेणाऱ्यांना एक विनंती. तो पोरगा रात्रभर प्रवास करून तुमच्या दारी येतो. निवड होवो वा न होवो, त्याला उत्तर जरूर कळवा. तेवढा त्याचा हक्क आहे.